वाहक मैनाबाई खंडारे आणि लक्झेंबर्गचे थांबे

दर्यापूर आगारातून मैनाबाई खंडारे निवृत्त झाल्या, तेव्हा आगारातल्या मंडळींनी त्यांना साडी, नारळ आणि भिंतीवरचं एक मोठं घड्याळ दिलं. घड्याळ हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आता कोनती गाडी टायमावर सोडाची हाय मले?" सगळे खदखदून हसले. ड्रायव्हर लोक तर जास्तच, कारण चोवीस वर्षं त्यांनी या बाईची डबल बेल ऐकली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टाही.

मैनाबाई नोकरीला लागल्या तेव्हा त्या भागात बाई कंडक्टर हे नवलच होतं. अमरावती फेरीला काही लोक निव्वळ बघायला म्हणून चढायचे. बघून झालं की मैनाबाई त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायच्याच. एकदा त्यांचा सख्खा दीर दोन थांब्यांसाठी "वहिनी, राहू द्या ना" म्हणाला, तर त्याला त्यांनी तिकीट काढायला लावलं आणि घरी आल्यावर पोटभर जेवू घातलं. नवरा पुंजाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. ते म्हणायचे, "आमच्या घरात कायद्याचं राज्य हाय, अन् थे राज्य खाकी घालते."

त्यांच्या मनाला एकच जुना ओरखडा होता. नोकरीच्या सुरुवातीला प्रशिक्षणात एका साहेबांनी त्यांना उठवून विचारलं, "बस सुरू असताना तुम्ही काय करता?" मैनाबाई म्हणाल्या, "तिकिटं फाडून राहिली असतो." साहेब हसले. "फाडून राहिली? बाई, नक्की कुठे राहिली?" अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून साहेबासमोर पुस्तकातली मराठी आणि गाडीत वऱ्हाडी, अशी दोन बोल्यांची सवय त्यांनी लावून घेतली. मुलगी प्रियदर्शनी मोठी झाली तेव्हा तिला मात्र घरातही "हाय" म्हणू दिलं नाही. "आहे म्हन. पुढं कोनी हसलं नाई पायजे तुले."

ही प्रियदर्शनी अमरावतीला इंजिनिअर झाली, पुढं शिकायला परदेशी गेली आणि उपग्रहांवर लक्ष ठेवणाऱ्या एका कंपनीत लागली. कंपनी होती लक्झेंबर्ग नावाच्या देशात. पुंजाजींनी शाळेतला जुना नकाशा काढला. चष्मा वर-खाली केला. फ्रान्स सापडला, जर्मनी सापडला, बेल्जियम सापडला. या तिघांच्या बेचक्यात एक ठिपका, आणि त्याचं नाव आत मावेना म्हणून बाहेर लिहून बाण काढलेला.

"मैना, या देशात तर त्याचं सोताचं नाव मावून नाई राहिलं. आपली पोरगी कशी मावली?"

आईनं तीन महिने येऊन राहावं, असा प्रियदर्शनीचा हट्ट होता. पुंजाजींच्या गुडघ्याला लांबचं विमान झेपणारं नव्हतं. ते म्हणाले, "तू जाय. फक्त एक काम कर. रोज मले त्या देशाबद्दल एक गोठ सांगत जाय. रविवारी विहारात लोक मले इचारतील."

मार्चच्या सुरुवातीला मैनाबाई तिथं पोचल्या. दर्यापूरला पंखे सुरू झाले होते, इथं झाडांना पानही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर त्या बसथांब्यावर गेल्या. बस आली, दार आपोआप उघडलं, लोक चढले, बसले. मैनाबाई दाराशीच थांबल्या.

"आई, चल ना."

"तिकीट?"

"तिकीट नसतं इथं. सगळं फुकट आहे. बस, ट्राम, रेल्वेचा साधा वर्ग, सगळंच. देशभर."

मैनाबाईंना वाटलं पोरगी थट्टा करतेय. त्यांनी मागे वळून पाहिलं. कुठं कंडक्टर नाही, मशीन नाही, बॅग नाही. एक म्हातारी कुत्र्याला घेऊन चढली, तीही तशीच. मैनाबाई सीटवर टेकल्या खऱ्या, पण तीन थांबे जाईपर्यंत त्यांचा उजवा हात पर्सच्या चेनवर होता.

"आन् कोनी इचारत नाई?"

"कोणी नाही. श्रीमंत देश आहे, आई. रस्त्यावर खासगी गाड्यांची गर्दी कमी व्हावी म्हणून २०२० साली सरकारनं तिकीटच काढून टाकलं."

"माय वो!" मैनाबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "मंग इथल्या बायका कशाची नोकरी करतात?"

पहिला आठवडा त्या घरात बसल्या. प्रियदर्शनी सकाळी आठला जायची ती सहाला यायची. मैनाबाईंनी घर दोनदा पुसलं, नळाचं पाणी चारदा पिऊन पाहिलं. दर्यापूरचं बोअरचं पाणी खारं. इथं नळाचं गोड पाणी पिऊन त्यांना कारण नसताना पुंजाजींची आठवण यायची. दहाव्या दिवशी त्यांनी शेवटी स्वेटर घातला, पासपोर्ट कापडी पिशवीत टाकला, पिशवी गळ्यात अडकवली आणि खालच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर मैनाबाईंना कोणी धरू शकलं नाही.

फुकट गाडी आणि रिकामा दिवस! चोवीस वर्षं ज्या बाईनं दुसऱ्यांना गावोगाव उतरवलं आणि स्वतः गाडीतच राहिली, ती आता कुठंही उतरू शकत होती. त्यांनी पद्धत ठरवली. गाडीनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, उतरायचं, गावात चक्कर मारायची, बाकावर बसून डब्यातली भाकर-ठेचा खायची आणि परत यायचं. ड्रायव्हरला चढताना "मोयेन" म्हणायचं. हा तिथल्या लोकांचा रामराम. सकाळी मोयेन, दुपारी मोयेन, संध्याकाळीही मोयेनच. मैनाबाईंना हे फार पटलं. "आपला जय भीम कसा, कोनत्याबी टायमाले चालते," त्यांनी पुंजाजींना कळवलं.

रोज संध्याकाळी पुंजाजींना फोन व्हायचा. तिकडे उन्हाचा पारा बेचाळीसवर गेला होता, मास्तर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वही उघडून बसायचे.

"लिहा. देश आपल्या अकोला जिल्ह्याच्या अर्ध्याहूनबी लहान. अन् मानसं अमरावती शहराएवढी."

"बस्स?"

"त्यातबी निम्मे बाहेरचे. अन् शेजारच्या देशातून रोज दोन लाखावर मानसं कामाले येतात, संध्याकाळी घरी जातात. मूर्तिजापूरवरून अकोल्याले अप-डाउन करतात ना, तसे. फक्त याइचं अप-डाउन देश बदलून."

"राजा हाय म्हनतात?"

"राजा नाई, ड्यूक म्हनतात. मी वाडा पायला त्याचा. समोर एक शिपाई दोन टोकांत चालून राहिला होता. मी अर्धा तास पायलं, बिचाऱ्याले कोनी पानी नाई इचारलं."

एके दिवशी त्या उत्तरेला डोंगरावरचा किल्ला पाहून आल्या. एके दिवशी दक्षिणेला, जिथं जमिनीत लोखंड सापडलं तिथं. पोलादाच्या जुन्या भट्ट्या आता थंड उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी विद्यापीठाची पोरं कॉफी पीत बसली होती. मुलीनं सांगितलं की दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा देश इतका गरीब होता की लोक घरदार विकून अमेरिकेला जायचे. मग लोखंड निघालं, पोलाद झालं, पोलाद थंडावल्यावर बँका आल्या. हे ऐकून मैनाबाई त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "म्हंजे हे जन्मापासून श्रीमंत नोयतेच." या गोष्टीनं त्यांना का कोण जाणे, खूप बरं वाटलं.

आणि मग मैनाबाई पकडल्या गेल्या.

झालं असं. पूर्वेकडं मोझेल नावाची नदी आहे, काठानं द्राक्षाचे मळे. ते पाहायला त्या सकाळच्या रेल्वेत बसल्या. डबा उबदार, ऊन काचेतून मांडीवर आलेलं. मैनाबाईंचा डोळा लागला. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्या गाडीत एकदाही झोपल्या नव्हत्या. ती सगळी झोप त्या दिवशी एकदम आली असावी. जाग आली तेव्हा गाडी एका पुलावरून गेलेली होती आणि समोर गणवेशातली एक चाळिशीची बाई उभी होती. कमरेला मशीन.

ती काहीतरी म्हणाली. मैनाबाईंनी हसून "मोयेन" म्हटलं. ती बाईही "मोयेन" म्हणाली, पण हात पुढेच राहिला. त्या हाताचा अर्थ जगातल्या कोणत्याही कंडक्टरला कळला असता.

मैनाबाईंनी मुलीला फोन लावून त्या बाईच्या हातात दिला. दोघी बोलल्या. मग फोन परत आला.

"आई! तू जर्मनीत आहेस!"

"कधी आली मी?"

"आत्ताच. नदी ओलांडली की दुसरा देश. फुकट फक्त आपल्या देशात, पलीकडचं तिकीट लागतं. घाबरू नकोस, त्या म्हणतायत तुम्हाला माहीत नव्हतं, फक्त साधं तिकीट घ्या."

"दंड?"

"दंड नको म्हणाल्या."

"काहून नको? इनातिकीट सापडली मी!" मैनाबाईंचा आवाज चढला. "मी कोनाले सोडलं नाई. सख्ख्या दिराले सोडलं नाई. तिले सांग, दंड घे म्हना."

"आई, अगं—"

"सांग तिले!"

प्रियदर्शनीनं सांगितलं. त्या बाईनं बहुधा उभ्या नोकरीत पहिल्यांदाच दंड मागून घेणारा प्रवासी पाहिला. तिनं काहीतरी विचारलं, आणि मुलीनं सांगितलं असावं की माझी आई स्वतः चोवीस वर्षं कंडक्टर होती, कारण त्या बाईचा चेहरा एकदम उजळला. ती मैनाबाईंकडे बोट दाखवून म्हणाली, "यू?" मैनाबाईंनी फोनमधला जुना फोटो उघडून दाखवला. खाकी साडी, खांद्याला बॅग, मागं लाल गाडी, पाटीवर 'दर्यापूर–अमरावती'. ती बाई धपकन समोरच्या सीटवर बसली आणि हसत सुटली. दंड घेतलाच नाही. तिकीट तेवढं दिलं, आणि मैनाबाईंनी ते आशीर्वादासारखं दोन्ही हातांनी घेतलं.

तिचं नाव जोआना. शेवटच्या स्टेशनात तिनं मैनाबाईंना उतरू दिलंच नाही. तीच गाडी घेऊन तिला परत यायचं होतं. परतीच्या वाटेवर डबा जवळजवळ रिकामा होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण धंदा एक होता. जोआनानं आपलं मशीन दाखवलं. मैनाबाईंनी बोटांनी तिकीट फाडण्याची, खिशातून सुटे पैसे काढण्याची, दोर ओढून दोनदा बेल देण्याची नक्कल केली. मग जोआनानं पायाकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं आणि पँट वर करून शिरा दबून राहाव्यात म्हणून घातलेला घट्ट मोजा दाखवला. मैनाबाईंनी साडीचा काठ वर करून आपला दाखवला. तसाच. तोच तपकिरी रंग. दोघी इतक्या हसल्या की पलीकडच्या एका गृहस्थानं पेपर खाली करून पाहिलं.

मैनाबाईंनी मुलीकरवी बोलावलं, आणि पुढच्या रविवारी जोआना घरी जेवायला आली. येताना तिनं बटाट्याच्या कुरकुरीत वड्या आणल्या. त्या वड्यांचं नाव मैनाबाईंना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, पण ठेच्याबरोबर त्यांनी पाच खाल्ल्या. जोआनानं ठेचा चाखला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितला.

प्रियदर्शनी मधे बसून एकीचं बोलणं दुसरीला समजावून सांगत होती. जोआनाचे वडील पोर्तुगालहून बांधकामावर मजूर म्हणून आले होते. ती इथंच जन्मली. ती म्हणाली, "घरात पोर्तुगीज, शाळेत जर्मन आणि फ्रेंच. पण मैत्रिणींशी, गाडीत, बाजारात आम्ही लक्झेंबर्गिश बोलतो. पूर्वी मोठ्या देशातले लोक म्हणायचे, ही काय भाषा आहे? खेडवळ जर्मन आहे ती."

मैनाबाईंचा हात ताटावरच थांबला. "मंग?"

"मग काय? चाळीस वर्षांपूर्वी कायदा केला, ही आमच्या राष्ट्राची भाषा. आता संसदेतही तीच बोलतात. इथली एक जुनी म्हण आहे." जोआनानं ती म्हटली, आणि प्रियदर्शनीनं अर्थ सांगितला, "आम्हाला आहोत तसंच राहायचं आहे."

मैनाबाईंनी मान डोलावली. मनात त्यांनी ते आपल्या बोलीत लावून पाहिलं: आमाले हावो तसंच राहाचं हाय. बरोबर बसलं. त्या उठल्या आणि जोआनाच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम आला. त्या देशातल्या मराठी घरांनी नगरपालिकेचा एक हॉल भाड्यानं घेतला होता. अकोल्याचा अनुप हा त्यातला उत्साही गडी. पंचवीस-तीस कुटुंबं, लहान पोरं, मोठ्या डब्यांतून आणलेला पुलाव. अनुप प्रियदर्शनीला म्हणाला, "तुझ्या आईंना दोन शब्द बोलायला सांग ना. कुणाकुणाकडून ऐकलं, त्यांनी अख्खा देश पालथा घातलाय."

घरून निघताना प्रियदर्शनी आरशासमोर उभी होती. केस नीट करता करता, आईकडे न बघता म्हणाली, "आई, तिथं पुण्याचे वगैरे बरेच जण असतात. जरा आपलं... नीट बोलशील ना?"

मैनाबाई "हो" म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. हे त्यांनीच तर पोरीला शिकवलं होतं.

हॉलमध्ये वंदना झाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार झाला, दोघा-तिघांची भाषणं झाली. मग मैनाबाई माइकपाशी गेल्या. पहिल्या रांगेत गीतांजली नावाची पुण्याची इंजिनिअर, शेवटच्या रांगेत जोआना, गणवेशातच, ड्युटीवरून थेट आलेली. मैनाबाईंनी सुरुवात केली, "उपस्थित मान्यवर आणि बंधुभगिनींनो, मला या ठिकाणी बोलण्याची संधी दिल्याबद्दल..." आणि अडकल्या. साहेबासमोरची ती मराठी नेहमी दोन वाक्यांतच संपायची. पुढचं वाक्य तिच्यात नव्हतंच. त्यांनी पोरीकडे पाहिलं. पोरगी ओठ दाबून बसली होती.

मैनाबाईंनी माइक जरा खाली केला.

"मले एक सांगा," त्या म्हणाल्या, "तुमच्यातल्या किती जनांनी इथलं उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन पायलं? हात वर करा."

एक हात वर झाला. तोही अनुपच्या सात वर्षांच्या पोराचा, शाळेच्या सहलीमुळं.

"तुमी धा-धा वर्स झाले इथं राहून राहिले! घर ते हापिस, हापिस ते घर. अन् मी दीड महिन्यात सारा देश पायला. अवो, गाडी फुकट हाय, चढत काहून नाई?"

हॉल खळाळला. मग मैनाबाई सुटल्या. दक्षिणेतल्या तांबड्या मातीबद्दल सांगितलं, की ती पाहून सातपुड्याच्या पायथ्याची आठवण येते. मोझेलकाठची म्हातारी सांगितली, जिनं फुकट द्राक्षाचा रस पाजला आणि साडीला हात लावून पाहिला. शेंगेन हे गाव सांगितलं, जिथल्या कराराचं नाव यांच्या सगळ्यांच्या व्हिसावर आहे. "अन् गाव केवढं? आपल्या नांदगाव खंडेश्वरच्या बाजाराएवढंबी नाई. मी त्या नदीकाठी बसून संत्रं खाल्लं. समोर जर्मनी, बाजूले फ्रान्स, अन् सालं टाकाले डबा शोधून राहिली मी. तीन देशात एक डबा नाई दिसला!" स्वतःला विनातिकीट कसं पकडलं तेही सांगितलं, आणि जोआनाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "या लोकायले मोठे देश हसले. तुमची भाषा खेड्याची म्हने. याइनं भाषा सोडली नाई, लाज मात्र सोडून देल्ली. मी थोडी उशिरा शिकली. पन शिकली."

त्या खाली बसल्या तेव्हा टाळ्या बराच वेळ चालल्या. गीतांजली जवळ येऊन म्हणाली, "काकू, येत्या शनिवारी आम्हाला उत्तरेकडं न्याल?" मैनाबाईंनी विचारलं, "किती सीटा?" अकरा निघाल्या.

घरी जाताना बसमध्ये प्रियदर्शनी आईला खेटून बसली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, तू लय भारी बोलली."

"बोललीस," मैनाबाई सवयीनं म्हणाल्या, आणि मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसू आवरेना.

मे संपता संपता मैनाबाई दर्यापूरला परतल्या. वऱ्हाड भट्टीसारखं तापलेलं. पुंजाजींची वही भरली होती, विहारात त्यांची तीन रविवारांची व्याख्यानं झाली होती, आणि ते स्वतः त्या देशात जाऊन आल्यासारखेच बोलायचे. मैनाबाईंना मात्र एक गोष्ट टोचत होती. एका संध्याकाळी अंगणात पाणी मारता मारता त्या म्हणाल्या, "अवो, मी तिकडलं एक एक गाव उतरून पायलं. अन् इकडं चोवीस वर्स पातूरच्या फेरीले पातूर-पातूर म्हनून बोंबलली, पातूरच्या लेण्या काई पायल्या नाई."

"मीबी पोरायले शिकवल्या फक्त," पुंजाजी म्हणाले. "पायल्या नाईच."

पहिला पाऊस पडून हवा जरा उतरल्यावर दोघं निघाले. अकोल्याला गाडी बदलली. पातूरच्या गाडीतली कंडक्टर एक तरुण पोरगी होती, आरती नावाची. तिनं मैनाबाईंना ओळखलं नाही, आणि मैनाबाईंनीही ओळख दिली नाही. लेण्यांपाशी पोचेपर्यंत पुंजाजींचा गुडघा बोलायला लागला होता, म्हणून पायऱ्या चढताना मैनाबाईंनी त्यांचा हात धरला. आत गारवा होता. खडक कोरून केलेली ओसरी, जाड खांब, आणि कुणीच नाही. पुंजाजींनी भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"किती जुन्या असतील हो?" मैनाबाईंनी विचारलं.

पुंजाजींनी मास्तरी आवाजात सुरुवात केली. मैनाबाई खांबाला टेकून बसल्या, डबा उघडला, आणि पुढच्या महिन्यात नांदगावला उतरायचं की आधी अंजनगावला, याचा विचार करत ऐकू लागल्या.